साभिमान गावातलं फिरणं

संध्याकाळी चप्पल पायात सरकवली की गल्लीच्या तोंडाशीच विचारणा होते, "काय, कुठं निघालाय?" "कुठं नाही, असंच" या उत्तरानं कुणाचं समाधान होत नाही. मग मी आमच्या कोल्हापूरच्या तळ्याचं नाव घेऊन "रंकाळ्यावर" म्हणून मोकळा होतो, आणि तिथंच फिरण्याला ठिकाण चिकटतं.

ठिकाण नसलेलं फिरणंही असतं. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी शिष्यांना तसं फिरणं, म्हणजे अटन, सांगितलं. ठरलेलं गाव नाही, ओळखीचं दार नाही. भिक्षा मागावी, झाडातळी राहावं, पुढं निघावं. एका जागी रमलं की माणूस त्या जागेचा होतो, आणि हा लळाच त्यांना तोडायचा होता. असल्या फिरण्यात कुठं जायचं हा प्रश्नच उरत नाही. कुठं जायचं नाही, हे मात्र महानुभावांच्या 'सूत्रपाठ' या ग्रंथात नावानिशी आहे: मातापूर आणि कोल्हापूर. मातापूर म्हणजे माहूर. दोन्ही देवीची ठाणी. कारण दिलंय ते असं, की ही स्थानं साभिमान, साधकाच्या वाटेत विघ्न आणणारी.

वाचून मला चांगलाच राग आला. 'जगात भारी कोल्हापुरी' म्हणत हिंडणाऱ्याला असा राग यावा, यातच स्वामींचं म्हणणं निम्मं सिद्ध झालं म्हणा!

गंमत पुढंच आहे. महानुभाव ज्या पाच अवतारांना पंचकृष्ण म्हणतात, त्यांत दत्तात्रेय आहेत, आणि दत्तपरंपरा सांगते की ते रोज भिक्षेला कोल्हापुरात येतात, निजायला माहूरला जातात. शिष्यांना वर्ज्य असलेली नेमकी तीच दोन गावं! मला यात विसंगती दिसत नाही. दत्तात्रेय झोळीत पडेल ते घेऊन निघून जातात. आम्ही इथंच घर बांधून बसलोय.

मिरजकर तिकटीवरून निघालं की पाय आपसूक बिनखांबी गणेशाकडं आणि तिथून महाद्वाराकडं वळतात. बाहेरूनच अंबाबाईला हात जोडायचे. पुढं गंगावेशीत म्हशी उभ्या असतात. डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात येतो, तो नाकारणारा विरक्त मी अजून पाहिलेला नाही.

माझे एक मित्र म्हणतात, "हेतू टाकून चालायचं ठरवलंत, की तोच हेतू झाला." बरोबर आहे. पण अटन करणाराही बिनहेतूचा नव्हताच. त्याला परमेश्वर हवा होता, ठिकाण नव्हतं ते फक्त पायांना. माझं उलटं: पायांना ठिकाण पक्कं, मन मात्र कुठंही उंडारतं. त्याला एखादं ठिकाण मिळावं असं वाटतं खरं. पण त्यासाठी महाद्वार टाळून दुसऱ्या रस्त्यानं जा म्हणाल, तर ते मला जमायचं नाही.