राखाडी भिंत

दिवाळीआधी घर रंगवायचं ठरलं आणि घरात तीन पक्ष पडले. सासूबाईंना पांढराच हवा. त्यांच्या माहेरी चुन्यात चिमूटभर नीळ घालून भिंती रंगवत, स्वच्छ म्हणजे तेच. सुनेला हिरवा हवा, यांना बदामी. शेवटी मी म्हटलं, "फिकट राखाडी लावू. कुणाच्याच मनातला नाही, म्हणजे कुणाची तक्रारही नाही." सगळे गप्प झाले. माझ्या समजूतदारपणाचं मलाच कौतुक वाटलं.

रंगारी मात्र हसला. "ताई, नुसता राखाडी असा नसतोच," म्हणाला. शेडकार्डावर अगदी सारखे दिसणारे तीन तुकडे मी निवडले होते. त्यानं भिंतीवर त्यांचे हातभर पट्टे ओढले, दोन-दोन हात मारले आणि म्हणाला, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बघा. उत्तरेच्या खोलीत पहिला पट्टा निळसर, आजारी दिसला. दुसरा दिवसा छान, पण रात्री पिवळ्या दिव्याखाली मातकट. तिसऱ्यानं खालच्या कोटा फरशीचा हिरवेपणा उचलला. भडक रंगाला स्वतःचा जोर असतो. राखाडीला तो नसतो, म्हणून उजेड आणि शेजारचा रंग जिकडे ओढतील तिकडे तो जातो. कुणाच्याच बाजूचा नसलेला रंग शेवटी बलवान शेजाऱ्याच्या बाजूला जातो!

ते पट्टे बघता बघता मला धाकट्या जावेची आठवण झाली. आठवण कसली, ती याच घरात मागं राहते. भाऊजी गेल्यावर वर्षभरात वाटणी झाली. तिनं एकच मागितलं होतं, रस्त्याकडची एक खोली. तिथं शिवणाचं मशीन मांडलं असतं तर चार गिऱ्हाइकं आली असती. मोठ्यांनी मागच्या दोन खोल्या दिल्या. बैठकीत तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी कुणाच्याच बाजूची नाही, मला सगळे सारखे." त्या रात्री मी सामायिकाला बसले तेव्हा मन अगदी शांत होतं. आपण माध्यस्थ्य भाव पाळला असं वाटत होतं.

बस्तीत स्वाध्यायाला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय कितीदा ऐकला असेन. तिथं चार भावना सांगितल्या आहेत आणि चौघींना वेगवेगळी जागा दिली आहे. मैत्री सगळ्या जीवांशी, प्रमोद गुणवंतांविषयी, कारुण्य दुःखितांविषयी. माध्यस्थ्य आहे ते अविनेयांविषयी, म्हणजे सांगूनही जे ऐकायचे नाहीत त्यांच्याविषयी, त्यांचा द्वेष होऊ नये म्हणून. माझी जाऊ अविनेय होती का? ती दुःखित होती. तिच्या वाट्याचं कारुण्य मी दिलं नाही आणि त्या जागी माध्यस्थ्य ठेवलं. बरं, मोठे अविनेय होते म्हणावं, तर मी त्यांना एकदा तरी सांगून पाहिलं होतं का? न सांगताच मध्यस्थ होणं ही समता नव्हे.

गोम्मटसारात सहा लेश्या आहेत. त्यांतली कबुतराच्या रंगाची, म्हणजे राखाडी, ती कापोत. ती अशुभ तिघींत मोडते. तिच्या लक्षणांत रुसणं, परनिंदा आहे, आणि भयही आहे. भिंतीच्या रंगानं लेश्या बदलत नाही हे कळतं मला. पण त्या बैठकीत मला कशानं गप्प बसवलं, समतेनं की भयानं, याचं उत्तरही मला कळतं. सासूबाई रागावतील, हे बोलणं सोडतील, एवढंच मनात होतं. समता असती तर मला दोघांचं म्हणणं मांडता आलं असतं. अनेकान्तात सगळ्या बाजू पाहायच्या असतात, पण त्या पाहून झाल्यावर तोंड उघडायला त्यानं कुणाला मनाई केलेली नाही.

काल जाऊ पट्टे बघायला आली. म्हणाली, "अक्का, दुसरा घ्या. पुढं ऊन आहे, छान दिसेल. आमच्याकडे मागं हा काळाच पडेल." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

रात्री मी यांना म्हटलं, रस्त्याकडची खोली तिला द्यायला हवी होती, अजूनही देता येईल. हे म्हणाले, "आता जुनं कशाला उकरतेस?" मी म्हटलं, तेव्हा बोलले नाही म्हणून. यांनी अजून हो म्हटलेलं नाही. सासूबाईंशी मी उद्या बोलणार आहे. रंगाऱ्याला सांगितलंय, ती खोली सोडून बाकीचं रंगवायला घे. त्या खोलीचा रंग तिच्या मालकिणीनं ठरवावा.