तत्त्वाची फळी

तत्त्वाला चिकटून राहणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला फार आदर असतो. विशेषतः तो दुसऱ्याच्या घरात राहत असला तर. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे वाक्य भिंतीवर टांगायला उत्तम. त्या भिंतीच्या आत राहणाऱ्यांना मात्र एकदा विचारून बघावं. तेव्हा प्रश्न असा, की तत्त्व हे कायमचं ठोकून बसवलेलं असावं, की गरजेप्रमाणे खालीवर करता येण्याजोगं? आणि खालीवर करता येत असेल, तर त्याला तत्त्व म्हणावं का? या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर मला एका जुन्या शिडाच्या होडीत मिळालं.

होडी माझी नव्हे. बँकेतल्या कारकुनाने होडी घेतली तर वारा सुटायच्या आधी तपासनीस येतो. होडी दाजींची, म्हणजे आमच्या ताईच्या यजमानांची. जात ‘एंटरप्राइझ’. जॅक होल्ट नावाच्या इंग्रजाने 1956 साली ‘न्यूज क्रॉनिकल’ या वर्तमानपत्रासाठी ती आखली. वर्तमानपत्र 1960 साली बुडालं, होड्या अजून तरंगताहेत. लांबी सव्वातेरा फूट, शिडं निळी, माणसं दोन : एक सुकाणू धरणारा, दुसरा पुढचं शीड सांभाळणारा. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीला झाल्या, पण शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात. तिथे या होडीचं सुवर्णपदक पाकिस्तानच्या बैराम आणि गोशपी आवारी या नवराबायकोने नेलं. सव्वातेरा फुटांत नवराबायको एकाच दिशेला गेली, एवढ्यावरही पदक द्यायला माझी हरकत नव्हती.

या होडीच्या पोटात एक उभी अरुंद पेटी असते आणि त्या पेटीत एका बोल्टवर फिरणारी फळी. तिला म्हणतात सेंटरबोर्ड. वारा बाजूने आला की होडी खेकड्यासारखी आडवी सरकते. फळी पाण्यात सोडली की ती हे आडवं सरकणं रोखते, आणि तोच वारा होडीला पुढे नेतो. वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलंच शीड जात नाही. पण फळी खाली असली तर तिरकं तिरकं, नागमोडी करत वाऱ्याविरुद्ध चढता येतं. वारा पाठीशी असला की मात्र फळी वर ओढून घेतात, कारण तेव्हा ती नुसतं पाणी अडवते. दाजींनी हे समजावलं तेव्हा मला आमच्या ऑफिसातले काही बढती मिळालेले चेहरे आठवले. वारा पाठीशी, फळी वर!

मोठ्या यॉटींच्या पोटाखाली बहुधा जड कणा असतो, कायमचा. त्याने त्या सहसा उलटत नाहीत. पण काठालाही येऊ शकत नाहीत. खोल पाण्यात नांगर टाकायचा आणि मालकाने छोट्या होडीतून किनारा गाठायचा. ठाम तत्त्वाची माणसं अशीच. थोर असतात, पण त्यांच्याकडे दर वेळी आपणच जायचं. जॉन शँक या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1774 साली बोस्टनला सरकत्या कण्याची होडी बांधली, ती अशा उथळ पाण्यासाठीच. आणि संसार म्हणजे तरी काय, बहुतेक उथळ पाणीच. माझं मत विचाराल तर फळी वर घेण्यात पाप नाही. ती वाऱ्यासाठी घेतली की काठासाठी, एवढंच बघावं.

दाजींची फळी अर्धी खाली येऊन अडकली. धरणाच्या पाण्यात आम्ही दोघे कमरेभर उभे, काठ पंधरा हातांवर, आणि होडी काही काठाला येईना. काठावर सल्लागार जमले. एक म्हणाला हातोडी हाणा, दुसरा म्हणाला साबण लावा, तिसऱ्याने होडी विकायची का ते विचारलं.

‘‘वरून हाणलं तर पेटी चिरते,’’ दाजी म्हणाले. ‘‘टोक धरून पिळलं तरी पेटीच चिरते. मग होडी तळातून गळते.’’

दुखणं जुनंच होतं. वार्निश गेलेलं लाकूड पाणी पिऊन फुगलेलं, आणि काठावरून ओढताना फटीत शिरलेला खडा. आम्ही शिडं उतरवून होडी मुद्दाम आडवी पाडली. दाजींनी फळी धरली, मी फटीत हॅकसॉचं पातं फिरवू लागलो.

‘‘वर ढकला ना, दाजी!’’

‘‘अं हं. आधी खालीच. जिकडे ती आधीच झुकलीय, तिकडे थोडी जाऊ द्यायची. मग परत. सुतासुताने.’’

वीस मिनिटांनी हरभऱ्याएवढा खडा पाण्यात पडला.

आता हेच दाजी आपल्या धाकट्या भावाशी अकरा वर्षं बोललेले नाहीत. त्याने गावच्या जागेतले दोन फणस न विचारता तोडून विकले. ‘‘प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे!’’ सहा हजारांतला निम्मा वाटा, आठ टक्क्यांनी सरळ व्याज, मिळून पाच हजार सहाशे चाळीस रुपये, हा हिशेब मी करून दाखवला होता. त्याचा उपयोग झाला नाही. प्रश्न पैशाचा नसतो तेव्हा रक्कम लहान असते, हा बँकेतला अनुभव. यंदा त्या भावाच्या मुलीचं लग्न आहे. पत्रिका ताईने देव्हाऱ्यात ठेवलीय. दाजींनी उघडलेली नाही.

फळी काढून पंधरा दिवस सावलीत सुकवली, पॉलिशपेपरने घासली. दाजी वार्निशचा दुसरा हात देत होते तेव्हा मी म्हणालो,

‘‘दाजी, फणसांच्या बाबतीत तुमचंच बरोबर होतं.’’

ब्रश थांबला. ‘‘होतंच.’’

‘‘विचारायला हवं होतं त्यांनी.’’

‘‘हवंच होतं!’’

मग बराच वेळ ते नुसते ब्रश फिरवत राहिले. एका जागी तर तीन हात दिले.

‘‘पुढचं शीड मात्र तो छान धरायचा,’’ ते म्हणाले. ‘‘तुला नाही जमायचं ते.’’

‘‘मला पोहताही येत नाही, दाजी.’’

‘‘हं. लग्न कधी आहे म्हणालास?’’

मी काहीच म्हणालो नव्हतो. तारीख सांगितली.