पश्चात आणि हयातीत

गेल्या माघात मुलुंडच्या एका सभागृहात भरलेल्या पालकमेळाव्यास धाकट्या बहिणीच्या आग्रहाखातर जावे लागले. समई, शाली, श्रीफळे असा सारा सरंजाम व्यासपीठावर मांडलेला होता, आणि ज्या मातांनी आपल्या मतिमंद मुलांसाठी (हा शब्द आता सरकारी दप्तरातून उठला आहे, पण घरोघर तोच चालतो) आयुष्य वेचले, त्यांना देवत्वाच्या कोटीत नेऊन बसविणारी भाषणे एकामागून एक होत होती. या देवत्वाबद्दल माझी तक्रार नाही. देवाला नैवेद्य दाखवला की भागते, पगार द्यावा लागत नाही, एवढी त्यातली सोय मात्र ध्यानात आली. परंतु अखेरचे वक्ते, जे व्यवसायाने गुंतवणुकीचे सल्लागार होते, त्यांनी असा उपदेश केला की मूल अठरा वर्षांचे होताच त्याचे कायदेशीर पालकत्व आपल्या नावे करून घ्यावे, कारण त्या वाढदिवसाची याहून मोठी भेट नाही. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ज्याला ही भेट द्यावयाची होती तो माझा भाचा आम्हां दोघांच्या मध्येच बसला होता. टाळ्या वाजवणे त्याला अतिशय आवडते, आणि सर्वांत शेवटी तोच थांबला.

या भेटीत घेणाऱ्याकडून काय काढून घेतले जाते, ते आपल्या महसुली मराठीनेच लिहून ठेवले आहे. अठरा वर्षांखालील इसम ‘अज्ञान’, त्यावरील ‘सज्ञान’. बाप वारला आणि जमीन पोराच्या नावे चढली, की सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अशी नोंद होऊन आईचे वा चुलत्याचे नाव लागते; पोर सज्ञान झाले की फेरफाराने ते कमी होते. चुलता लबाड निघाला म्हणून नव्हे, मुदत संपली म्हणून. पालकत्व ही मुदतीची गोष्ट आहे हे तलाठ्याच्या दप्तराला पुरेपूर ठाऊक होते. पेच पडला तो ज्यांचे वय वाढले पण ज्यांचे शहाणपण वाढले असे मानण्यास कोणी तयार नव्हते, त्यांच्याविषयी.

१८९० चा पालक व पाल्य कायदा अज्ञानांपुरता, म्हणून अठराव्या वर्षी थांबणारा. १९१२ च्या वेड्यांच्या कायद्याने मनोरुग्ण आणि मतिमंद यांना एकाच व्याख्येत कोंबले. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदांना त्या व्याख्येतून वगळले, जे सर्वथा योग्य होते. परंतु वगळल्यावर ते कोठे जाणार याची तजवीज केली नाही. दरम्यान शाळा निघत होत्या, आणि त्या बव्हंशी आईबापांनीच काढल्या. आज शिवडीस असलेली १९४४ ची जय वकील शाळा अशाच एका मुलीच्या आईवडिलांनी सुरू केली. पुण्यास सिंधुताई जोशी यांची ‘कामायनी’ १९६४ ची. मुंबईत मिठू अलूर यांनी लेकीपायी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी स्थापिली. हा भाग सर्वश्रुत आहे, तो मी ओलांडून जातो.

शाळेत गेलेली मुले चाळिशीला आली आणि आईबाप सत्तरीला, तेव्हा जुना प्रश्न मागे पडून नवा पुढे आला. ‘आमच्या पश्चात काय?’ ही तीन शब्दांची हुरहुर ज्या घरात नाही असे एकही घर, अंधेरीपासून घाटकोपरापर्यंत ज्या ज्या घरांत मी या निमित्ताने बसलो, त्यांत मला आढळले नाही. बदलापूरच्या ‘आधार’ या संस्थेचा जन्म या प्रश्नातून झाला. डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेचे खोणीचे ‘घरकुल’ही त्यातूनच उभे राहिले. उपनगरातल्या जागेचे भाव आईबापांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने उत्तरे मध्य रेल्वेच्या शेवटच्या स्थानकांकडे सरकत गेली, हा भूगोलही या विचाराच्या इतिहासाचाच एक भाग समजावा. मात्र या पालकांची मागणी नीट ऐकली पाहिजे. आम्हाला अधिकार द्या, असे ते म्हणत नव्हते. अधिकार त्यांच्याजवळ होताच, निदान तो नाही असे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. आम्ही नसू तेव्हा कोण असेल, एवढे ते समाजाला विचारीत होते.

आणि येथेच, माझ्या मते, जवळजवळ प्रत्येकजण १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याचे चुकीचे वाचन करतो. पालकांचा पक्ष म्हणतो की या कायद्याने आम्हाला आमच्या मुलांवर हक्क दिला. त्या मुलांच्या स्वातंत्र्याचे कैवारी म्हणतात की याच कायद्याने त्यांना जन्मभर अज्ञान करून ठेवले. दोघांचे भांडण कडाक्याचे, पण गृहीत एकच. प्रत्यक्षात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी झालेल्या या कायद्याच्या दहाव्या कलमात उद्दिष्टे सांगितली आहेत. त्यांत अशा व्यक्तीला आपल्या समाजात, त्याच्या निकट, होईल तितके स्वतंत्र जगता यावे हे आरंभीच आहे, आणि आईवडिलांच्या मृत्यूनंतर तिच्या संगोपनाची व रक्षणाची तरतूद व्हावी हेही आहे. पालकत्वाचा विषय पुढे चौदाव्या कलमात येतो. तेथे जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि स्वतः अपंगत्व असलेली एक व्यक्ती अशा त्रिसदस्य समितीने दोन गोष्टी तपासाव्यात असे बजावले आहे: या इसमाला पालकाची गरज आहे काय, आणि असल्यास ती कोणत्या कामांसाठी. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत स्थावराची यादी द्यावी, दरसाल हिशेब सादर करावा, असे सोळावे कलम सांगते. ज्याच्या हाती सत्ता द्यावयाची त्याला कोणी हिशेब मागत नाही. हिशेब मागितला जातो तो विश्वस्ताला. कायद्याच्या नावातच न्यास आहे, तो उगाच नव्हे.

मग ‘पश्चात’च्या प्रश्नाला ‘हयातीत’ले उत्तर कसे मिळाले? दहाव्या कलमाचे उत्तर महाग होते. त्याला घरे लागतात, रात्रपाळीची माणसे लागतात, ती माणसे टिकावीत इतका पगार लागतो. चौदाव्या कलमाच्या उत्तराला एक कागद आणि एक मोहोर लागते. वांद्र्याच्या पूर्वेस जेथे मुंबई उपनगराच्या जिल्हाधिकाऱ्यांचे दप्तर आहे, तेथून दाखला मिळू शकतो. घर मिळू शकत नाही. २००७ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना सुचविले की अशा समितीचा दाखला खात्याच्या व्यवहारासाठी ग्राह्य धरावा. ती एक सवलत होती. पण सरकारी सवलतीचे खिडकीपर्यंत पोहोचता पोहोचता सक्तीत रूपांतर होते, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. भाच्याचे खाते उघडण्यासाठी आम्ही एका बँकेत गेलो तेव्हा त्याने अर्ज पुढे ओढला आणि सही केली. तो आधी शिरोरेखा ओढतो, टोकापासून टोकापर्यंत, आणि मग एकेक अक्षर तिला टांगतो. त्यास वेळ लागतो. अधिकाऱ्याने शेवटच्या अक्षरापर्यंत वाट पाहिली, सौजन्याने पाहिली, आणि मग मेव्हण्यांकडे वळून विचारले, ‘दाखला आणलाय ना?’

कागदाची ही निकड इतकी भाबडी नाही, हे १९९४ साली महाराष्ट्राने पाहिले आहे. शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली, ती त्यांच्या हितासाठी; स्त्रीसंघटनांनी गदारोळ केला तेव्हा ते थांबले. त्या वादात अनेक पालक शस्त्रक्रियेच्या बाजूने बोलले, आणि त्यांना क्रूर ठरवणे मला तेव्हाही जमले नाही; ज्या बाईला मुलीची पाळी तीस वर्षे एकटीने निस्तरावी लागणार होती, तिला एकही मदतनीस न देता नीतीचे पाठ देणे सोपे असते. परंतु संमती कोणाची, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. पंधरा वर्षांनी, २००९ मध्ये, चंडीगडच्या शासकीय आश्रमातील एका अनाथ मतिमंद स्त्रीच्या गर्भपाताचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तिला मूल हवे होते, आणि तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही असे न्यायालयाने ठरविले. तिच्या बाजूने सही करणारे आईबाप तिला नव्हते. कदाचित म्हणूनच तिचे म्हणणे ऐकू आले, असा एक दुष्ट विचार मनात येतो.

पुढचा टप्पा थोडक्यात. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने पुढल्याच वर्षी शिक्कामोर्तब केले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘मर्यादित पालकत्व’ आणले: ठराविक निर्णयापुरते, ठराविक मुदतीचे, परस्परविश्वासावर चालणारे आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून असणारे. ज्याला याहून अधिक लागते त्याच्यासाठी संपूर्ण आधाराची वाटही त्यात आहे. तेव्हा जो मुलगा एक शब्दही बोलत नाही त्याचे काय, ही मेळाव्यात वारंवार येणारी शंका कायद्याला सुचली नव्हती असे नाही. अन्य कोणत्याही कायद्याने नेमलेला पालक यापुढे मर्यादित पालक म्हणूनच वागेल, असेही त्यात लिहिले आहे. म्हणजे आमच्या सल्लागार महाशयांची भेट वेष्टनातच लहान झालेली आहे, आणि त्यांना त्याची वार्ता नाही. पाश्चात्त्यांनी ही कल्पना आमच्या कुटुंबावर लादली, असा आक्षेप मी ऐकला आहे; मला तर ती कल्पना १९९९ च्या ‘कोणत्या कामांसाठी?’ या प्रश्नाचाच विस्तार वाटते, आणि त्याच्याही मागे सातबाऱ्यावरचा तो फेरफार दिसतो.

पैशाच्या कायद्याची गंमत याच्या नेमकी उलट. प्राप्तिकराची सूट देणाऱ्या विमायोजनेत मुलाला रक्कम मिळावयाची ती आईबाप वारल्यावरच; त्यांच्या हयातीत मुलाला काही लागत असेल, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. एका पित्याने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, २०१९ मध्ये न्यायालयाने याचिका मान्य केली नाही पण सरकारला फेरविचार करण्यास सांगितले, आणि २०२२ मध्ये पालक साठीचे झाल्यावर वर्षासन सुरू करण्याची मुभा मिळाली. जेथे ‘पश्चात’ हवे तेथे हयातीतला दाखला, आणि जेथे हयातीत हवे तेथे ‘पश्चात’.

मेळाव्यानंतरच्या रविवारी मेव्हण्यांनी अर्ज पुढ्यात घेतला. पालकत्व कशासाठी हवे, याखाली त्यांनी ‘सर्व कामांसाठी’ असे वळणदार अक्षरात लिहिले. मी म्हटले, ‘सर्व म्हणजे कोणती, ती एकदा मांडून तर पाहा.’ त्यांनी बोटे मोजली: बँक, घराची कागदपत्रे, इस्पितळातली शस्त्रक्रिया. चौथ्या बोटाशी ते थांबले. दूध तोच आणतो, तेही ठरलेल्याच गाड्यावरून. केस कापावयास एकटा जातो. लोकलचा पास खिशात सांभाळतो. कार्यशाळेत कागदी पिशव्या करून महिन्याकाठी जे हाती पडते, ते मात्र आजवर आईच्या डब्यात जाते.

‘बाबा, घड्याळ लिहा,’ तो म्हणाला.

कोणते घड्याळ, हे आम्हां तिघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. स्थानकाबाहेरच्या दुकानातले, काळ्या पट्ट्याचे, त्याने सांगितले. दिवाळीपासून पाहून ठेवले होते म्हणे.