योगदंड आणि पारा

डिसेंबरची थंडी पडली की सोलापूरच्या जुन्या पेठांत नंदीध्वजांचा सराव सुरू होतो. मकर संक्रांतीच्या गड्डा यात्रेत असे सात नंदीध्वज निघतात. नंदीध्वज म्हणजे कित्येक माणसांच्या उंचीची जड काठी. शेंड्याशी वाऱ्याची झुळूक लागली तरी तिचा हेलकावा खाली पेलणाऱ्याच्या कमरेत उतरतो. पेलणाऱ्याची नजर वर शेंड्यावर आणि पाय खाली रस्ता चाचपत. काठी कलायच्या आधीच त्याचं अंग सावरलेलं असतं. हे कसं जमतं, असं विचारलं तर त्याला ते धड सांगता येत नाही. अंगात बसावं लागतं, एवढंच तो म्हणतो. यात्रेच्या दिवशी पांढरी बाराबंदी घालून हीच माणसं अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा ‘हर्र बोला हर्र’च्या गजरात सरावाच्या त्या रात्री कुणाला आठवत नाहीत.

या काठीमागची कथा सोलापुरात लहान पोरंही सांगतात. एका कुंभारकन्येनं बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला. ते योगी. त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला तिला अनुमती दिली. नंदीध्वज हे त्या योगदंडाचं प्रतीक, आणि संमती कट्ट्याजवळचा अक्षता सोहळा म्हणजे ते लग्न. योगाच्या दंडाची मिरवणूक काढणाऱ्या या गावात म्हणूनच एक जुना प्रश्न विचारावासा वाटतो. साधनेनं अंगात उतरलेलं ज्ञान दुसऱ्याला शब्दांत देता येतं का? आणि देण्याआधी ते कसोटीवर घासून पाहिलं, तर त्यात गुरूचा अपमान होतो का?

हा प्रश्न ज्यानं उभं आयुष्य अंगावर घेतला, तो माणूस मूळचा आखाड्यातला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद. जन्म 30 ऑगस्ट 1883, गुजरातेत डभोईला, मराठी घरात. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा हा हुशार मुलगा. बडोद्याला कॉलेजात शिकत असतानाच त्यानं जुम्मादादा व्यायामशाळेची वाट धरली. तिथले गुरू राजरत्न माणिकराव. 1907 ते 1910 या काळात गुणे त्यांच्या हाताखाली देशी व्यायामपद्धती शिकले. पुस्तक आणि लाल माती यांत निवड करावी लागते, असं आपल्याकडे आजही अनेक घरांत मुलांना बजावलं जातं. गुण्यांनी ती निवड केलीच नाही.

पदवीनंतर ते शिक्षणाच्या कामात शिरले. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कामासाठी अमळनेरला गेले आणि पुढे तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच गावात प्रतापशेठांच्या दातृत्वातून तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं होतं. वेदान्ताचा अभ्यास आणि स्वराज्याची हवा, दोन्ही तिथे एकाच वेळी होती. तिथल्या कामात असतानाच 1919 मध्ये नर्मदाकाठच्या मालसरला त्यांना परमहंस माधवदासजी भेटले. हे वयोवृद्ध बंगाली योगी त्यांचे गुरू झाले.

गुरूंनी क्रिया शिकवल्या. शिष्याला अनुभव आला. बहुतेकांची गोष्ट इथे संपते: अनुभव आला, तो सत्य, आता पुढच्याला सांगायचा आणि त्यानं मानायचा. गुण्यांना एवढ्यावर थांबवेना. आखाड्यात वाढलेल्या माणसाला एक सवय असते. डाव बसला तर का बसला आणि फसला तर का फसला, हे तो मातीवरच तपासतो.

1920च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौलीची परीक्षा क्ष-किरणांखाली मांडली. उड्डियान म्हणजे श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढायचं, आणि नौलीत त्यापुढे पोटाचे मधले स्नायू दोरखंडासारखे पुढे काढून फिरवायचे. हठयोगाच्या ग्रंथांत बस्ती नावाची क्रिया आहे. साधक पाण्यात बसतो आणि पाणी गुदमार्गानं आपोआप वर चढतं. कोणत्या बळानं? पारंपरिक उत्तर अपानवायूचं. गुण्यांनी त्या उत्तराची टवाळी केली नाही आणि तेवढ्यावर समाधानही मानलं नाही. मोठ्या आतड्यात नळी सोडून तिचं दुसरं टोक पाऱ्याच्या दाबमापकाला जोडलं. साधकानं नौली केली आणि पारा बोलला. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झालेला होता. आत पोकळी तयार होते, म्हणून पाणी ओढलं जातं.

या पोकळीला त्यांनी नाव दिलं ‘माधवदास व्हॅक्यूम’. गुरूच्या नावानं!

या नावापाशी थांबावंसं वाटतं. ज्याची शिकवण तपासायची त्याच्याच पायांशी तपासाचं फळ नेऊन ठेवायचं, यात श्रद्धा कुठे संपली आणि संशोधन कुठे सुरू झालं, ते दाखवता येत नाही. परीक्षा म्हणजे अविश्वास, ही समजूत आपल्या धार्मिक मनात खोल रुतलेली आहे. प्रश्न विचारणारा शिष्य उद्धट ठरतो. पण सोनार सोनं कसाला लावतो ते सोन्याचा राग येऊन नव्हे.

खुद्द सिद्धरामेश्वरांचं चरित्रही याच वळणावरून जातं. बाराव्या शतकात त्यांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तलाव खोदवला, मंदिरं बांधली, हजारोंना कामाला लावलं. तिथे शरण संत अल्लमप्रभू आले. ‘शून्यसंपादने’ या वचनग्रंथात हा प्रसंग आहे. अल्लमांनी या लोकमान्य योग्याला ‘वड्ड’ म्हणून, म्हणजे माती-दगड खोदणारा म्हणून हाक मारली. खोदकाम करणारे भक्त खवळले आणि त्यांनी दगड भिरकावले. अल्लमांचा प्रश्न मात्र दगडापेक्षा टणक होता. एवढं खोदलंस, त्यात तू स्वतःला कुठे गाठलंस? सिद्धरामांनी त्या प्रश्नाकडे पाठ फिरवली नाही. ते कल्याणला, शरणांच्या चर्चासभेत, म्हणजे अनुभव मंटपात गेले. सोलापूरचा तलाव मात्र आजही आहे, मंदिराभोवती पाणी धरून. परीक्षा झाली म्हणून श्रमाची किंमत शून्य झाली नाही. अल्लमांच्या प्रश्नामुळे सिद्धराम लहान झाले, असं मानणारा सोलापूरकर भेटणार नाही.

कुवलयानंदांचा प्रामाणिकपणा आणखी एका ठिकाणी कळतो. प्राणायामानं शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, हा समज तेव्हाही लोकप्रिय होता, आजही आहे. योगाच्या प्रचारकाला तो किती सोयीचा! त्यांनी मोजमाप केलं आणि प्राणायामाचं महत्त्व त्यात नाही, असं सांगितलं. आपल्याच बाजूचा सोपा मुद्दा असा हातानं सोडून द्यायला सत्यावर गाढ निष्ठा लागते, आणि ती निष्ठा धार्मिकच म्हटली पाहिजे. दुसरीकडे, पारा हलला म्हणून मोक्ष सिद्ध झाला, असंही ते म्हणाले नाहीत. दाबमापक दाब मोजतो. चित्त शांत होतं म्हणजे काय होतं, ते साधकानं बसूनच पाहायचं.

1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. प्रयोगांच्या नोंदी आणि सामान्य माणसाला समजेल असं विवेचन तिथे शेजारी शेजारी छापलं जाई. आसनं आणि प्राणायाम यांवरची त्यांची पुस्तकं त्यातूनच आकाराला आली. 1927 मध्ये गांधीजींनी प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षण समितीवर राहून त्यांनी शाळांच्या व्यायामात योग आणला. पुढे कैवल्यधामात योगाचं महाविद्यालयही निघालं. 18 एप्रिल 1966 रोजी ते गेले. व्याख्याता, लेखक, संस्थापक अशी बिरुदं त्यांना लावता येतात. पण तालमीतला वस्ताद त्यांच्यात अखेरपर्यंत होता, असं त्यांच्या कामाकडे पाहून वाटतं. हे माझ्या अंगावर करून पाहिलंय, आता तू तुझ्या अंगावर कर आणि मग बोल, ही वस्तादाचीच भाषा.

खेळाचं मैदान सोडून शिकवायला, लिहायला, बोलायला लागणाऱ्या आजच्या मुलामुलींपुढेही हीच अडचण आहे. पदकाची गोष्ट सांगून टाळ्या मिळतात. पण आपल्याला जे जमलं ते समोरच्याच्या अंगात उतरेल का, हे तपासायला पुन्हा मातीत उतरावं लागतं, तेही पदकाचं वजन बाजूला ठेवून.

सरावाच्या रात्री नवा पोरगा काठीखाली उभा राहतो, तेव्हा जुना पेलणारा त्याच्या मागे असतो. सूचना फार देत नाही. पोराच्या कमरेचा पट्टा ओढून पाहतो, पाय थोडा बाहेर टाकायला लावतो आणि हात काढून घेतो. काठी डोलते. दोघांचीही नजर वर, शेंड्यावर.