लुका गेला, फ्लॅग आला. मग हिशेब जुळला का?

१ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री (आपल्याकडे रविवारची सकाळ सुरू होती) बातमी आली, तेव्हा अनेकांना आधी वाटलं की ती देणाऱ्या पत्रकाराचं अकाउंट हॅक झालंय. डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिच लेकर्सला देऊन टाकला होता. वय २५, आदल्याच मोसमात संघाला अंतिम फेरीत नेलेला. बदल्यात मिळाले ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा पहिल्या फेरीतला एक पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्क. बाकीची देवाणघेवाण किरकोळ.

एनबीएतला सर्वांत एकतर्फी ट्रेड, असा शिक्का दिवसभरात बसला. मग १२ मे रोजी गंमत झाली. मॅव्हरिक्स प्लेऑफला मुकले होते, आणि ड्राफ्टच्या लॉटरीत पहिला नंबर मिळण्याची त्यांची शक्यता होती १.८ टक्के. नेमका तोच लागला. अठरा वर्षांचा कूपर फ्लॅग डॅलसला आला. लगेच नवा सूर निघाला: लुका असता तर संघ इतका घसरला नसता, मग फ्लॅगही आला नसता. म्हणजे ट्रेड फळला की!

मला हे पटत नाही. शुक्रवारी संध्याकाळी टेस्ट न चालवता कोड प्रॉडक्शनला टाकला आणि सोमवारपर्यंत काही कोसळलं नाही, तर त्याला कुणी चांगलं इंजिनिअरिंग म्हणत नाही. निदान म्हणू नये. (म्हणतात. अप्रेझलमध्ये तर सर्रास.)

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी याच दुखण्याला ‘मॉरल लक’ असं नाव दिलं. दोन ड्रायव्हर सारखेच निष्काळजी. एकाच्या गाडीसमोर मूल येतं, दुसऱ्याचा रस्ता रिकामा असतो. चूक तेवढीच, तरी आपण पहिल्याला कितीतरी जास्त दोष देतो. डॅलसचा रस्ता रिकामा निघाला, एवढंच.

पण मग नियम दोन्ही बाजूंना लावायला हवा. डेव्हिस डॅलसकडून पहिल्याच सामन्यात जखमी झाला, तेही नशीबच नाही का? पूर्ण नाही. त्याच्या दुखापतींचा इतिहास लांबलचक आणि सगळ्यांना माहीत असलेला होता. तो धोका आधी दिसत होता, फ्लॅग दिसत नव्हता. माझ्या मते ट्रेड तोलायचा तो त्या रात्री टेबलावर जे दिसत होतं त्यावर.

आणि काय दिसत होतं? जनरल मॅनेजर निको हॅरिसनकडे कारणं होती: बचाव मजबूत करायचा होता, लुकाच्या फिटनेसबद्दल शंका होती. ती अगदीच पोकळ नव्हती. पण त्याने हा सौदा गुपचूप, फक्त लेकर्सशी बोलून केला. आपण जुनी बाइक विकतानाही चार ठिकाणी भाव काढतो! लुकासाठी बाकी संघ काय देतील, हे विचारलंच गेलं नाही. ही चूक ठरवायला भविष्य कळावं लागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसनची नोकरी गेली, पण ती संघ हरत असताना. जिंकत असता तर?

एकतर्फी म्हणताना आपण तराजूच्या दोन पारड्यांत दोन संघ ठेवतो. लुका कुठल्याच पारड्यात बसत नाही, कारण तो तिथे वजन असतो. त्याला कुणी विचारलं नव्हतं. करारात तसं कलम नसेल तर विचारावं लागतही नाही. डॅलसमध्ये राहिला असता तर तो सुमारे ३४.५ कोटी डॉलरच्या कराराला पात्र ठरणार होता. ती पात्रता ट्रेडबरोबर गेली. कोट्यधीशाचं काय दुःख, असं म्हणणं सोपं आहे. पण रक्कम मोठी असली म्हणून विचारणं अनावश्यक होतं का?

९ एप्रिलला तो लेकर्सच्या जर्सीत डॅलसला परतला. त्याच्यावरचा व्हिडिओ दाखवला तेव्हा रडला, मग ४५ गुण केले. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि हॅरिसनला काढा म्हणून घोषणा दिल्या. लॉटरी तेव्हा अजून महिनाभर लांब होती.