चाल बदलली तरी भजन तेच का?

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील घोरावाडी स्थानकाजवळच्या डोंगरात घोराडेश्वराची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती बौद्ध भिक्खूंसाठी कोरली गेली. धेनुकाकटात राहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने दिलेल्या दानाचा ब्राह्मी लेख तेथे आहे. पुढे तेथे शिवपिंडीची पूजा सुरू झाली आणि महाशिवरात्रीला यात्रा भरू लागली. देहू येथून जवळच. तुकोबा ज्या डोंगरांवर एकांतासाठी जात, त्यांत भंडारा आणि भामचंद्राबरोबर घोराडेश्वराचेही नाव परंपरा घेते. भिक्खूंचे पाठ, शिवनाम आणि अभंग असे तीन नाद ज्या कातळाने ऐकले, तेथे एक जुना प्रश्न आपसूक उभा राहतो: नाद बदलला तर उपासना तीच राहते का?

भारतीय दर्शनांत यावर कसून वाद झाला आहे. मीमांसक शब्दाला नित्य मानतात. निरनिराळ्या गळ्यांतून आलेला ‘ग’ ऐकूनही ‘हा तोच ग’ अशी ओळख पटते; म्हणून वर्ण एकच, ध्वनी फक्त त्याला प्रकट करतो. नैयायिकांच्या मते शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. ओळख पटते ती सारखेपणाची. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन तिसरी वाट दाखवतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नव्हे, पण वेगळीही म्हणता येत नाही.

वारकरी भजनाचा नाद अनेकदा बदलला आहे. वीणा, टाळ आणि मृदंग हा त्याचा जुना संच. पॅरिसमध्ये 1842 मध्ये पेटंट घेतलेली हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात भारतात आली. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून वाजवण्याजोगे रूप दिले आणि यथावकाश ती भजनी मंडळांत रुळली. पेटीचे सूर पक्के बांधलेले, त्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, निघत नाही. तिच्याबरोबर गाणारा गळाही हळूहळू त्या सुरांच्या पायऱ्यांवर चालू लागतो. नंतर राम फाटक, श्रीनिवास खळे यांनी अभंगांना दिलेल्या चाली भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर यांच्या आवाजात घरोघरी पोहोचल्या. हा बदल पेटीपेक्षा खोल होता. दिंडीतली चाल शेकडो जणांना एकदम उचलता यावी अशी असते. ध्वनिमुद्रणाची चाल तयारीच्या एका गळ्यासाठी बांधलेली. अलीकडे मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड गिटार, बास आणि ड्रम्सच्या साथीने अभंग गातो.

चाल बदलते पण शब्द टिकतात, म्हणून भजन तेच, असे मीमांसकांच्या वाटेने म्हणता येईल. पण शब्दांचाही भरवसा नाही. प्रभातच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ हे गीत अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले. गाथेत नसलेले शब्द भक्तीने गायले गेले, आणि ती भक्ती खोटी होती असे कोणालाही म्हणता येणार नाही.

रॉक संगीतात हाच पेच वेगळ्या रूपात दिसतो. ग्लासगोत 1982 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रायमल स्क्रीम’ या बँडने 1987 च्या पहिल्या अल्बममध्ये साठच्या दशकातली किणकिणती गिटार घेतली, 1991 च्या ‘स्क्रीमाडेलिका’त नृत्यक्लबांचे संगीत, 1994 मध्ये पुन्हा जुने रॉक आणि 2000 मध्ये कर्कश इलेक्ट्रॉनिक नाद. वादक आले-गेले, गायक बॉबी गिलेस्पी मात्र राहिला. बँडची ओळख अशी एका माणसावर तगू शकते. वारीला ती सोय नाही. तिथे गाणारा प्रत्येक जण एक दिवस जाणारच असतो.

म्हणून नागसेनाचे उत्तर भजनाला सर्वाधिक लागू पडते: एकपण असते ते एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यात. विणेकरी उभा राहतो, पंचपदी होते, नवखा टाळकरी जुन्याच्या हाताकडे पाहून ठेका धरतो. या क्रमात पेटी आली तरी काही तुटत नाही. मात्र जागा एक असणे पुरेसे नाही. घोराडेश्वरी भिक्खूंचा पाठ थांबला आणि अभंग आला, त्यांच्यामध्ये शिकवणारा आणि शिकणारा असा धागा दिसत नाही. तेथे लेणे एक, उपासना वेगळ्या. याच कसोटीवर ध्वनिमुद्रिकेचा आणि बँडचाही निकाल लागतो. मुद्रिकेवरची चाल ऐकून एखादे मंडळ ती एकादशीला गाते, तेव्हा ज्योत पुढे लागलेली असते. गिटारच्या साथीने श्रोते अभंगाचे चरण स्वतः म्हणू लागतात, तेव्हाही तसेच. पण अभंग फक्त ऐकलाच जातो आणि गाण्याचे काम एका नामवंत गळ्यावर सोपवले जाते, तेव्हा चाल, शब्द आणि राग सारे शाबूत असूनही भजन उरत नाही. उरते ते उत्तम गाणे.