पदरचे डाग

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर डाग आहेत का हे तपासायचं, तर ज्यात बघण्यासारखं काहीच नाही अशा गोष्टीचा फोटो काढावा लागतो. आपल्या खानदेशात ती शोधायला लांब जावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये जळगाव-धुळ्याचं आभाळ कोऱ्या कागदासारखं असतं. अ‍ॅपर्चर एफ-१६ किंवा २२ वर न्यायचं, आयएसओ कमीत कमी ठेवायचा, फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि सूर्य टाळून आभाळ टिपायचं. मग फोटो पूर्ण मोठा करून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत बघायचं. पुसट कडांचे राखाडी ठिपके दिसले, तर धूळ बसली आहे. आणि बसतेच. हिवाळ्यात कापसाचा हंगाम, जिनिंगची तूस, लग्नात हळद उधळलेली, त्यात घाईघाईत लेन्स बदललेली. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दिवसभर फिरून आलेल्या कॅमेऱ्याबद्दल तर बोलूच नये.

आभाळाऐवजी पांढरी भिंतही चालते. तेव्हा एक युक्ती करतात : शटर मंद ठेवून फोटो काढताना कॅमेरा चक्क हलवायचा. भिंतीवरचे पोपडे, खिळ्यांची भोकं फोटोत फरफटतात, पुसली जातात. सेन्सरवरचा ठिपका मात्र होता तिथेच राहतो, कारण तो कॅमेऱ्याबरोबरच हलतोय. जगाचा डाग कुठला आणि आपल्या पदरचा कुठला, हे ओळखायची इतकी सरळ कसोटी मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतही क्वचितच सापडली. वसुबंधूच्या ‘विंशतिके’त डोळ्याचा विकार झालेला माणूस येतो; त्याला नसलेले केस समोर तरंगताना दिसतात. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, हे तर आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण आपल्याला कावीळ झाली आहे हे त्या माणसाला कळावं कसं? कॅमेरा हलवून. जागा बदलली, माणसं बदलली, तरी तोच दोष त्याच जागी दिसत असेल, तर तो समोरच्यांचा नसावा.

फिल्मच्या काळात ही भानगड निराळी होती. दर फोटोला फिल्मचा नवा तुकडा पुढे यायचा, त्यामुळे धुळीचा कण पडलाच तर साधारण एका फोटोपुरता. डिजिटल कॅमेऱ्यात तोच सेन्सर जन्मभर. (खरं तर धूळ त्याच्या पुढच्या फिल्टरच्या काचेवर बसते, पण बोलताना सगळे सेन्सरच म्हणतात.) आणि ती लपूनही राहते. एफ-२.८ वर प्रकाश इतक्या रुंद कोनातून येतो की कणाची सावली विरून जाते. लग्नाचे हजार फोटो स्वच्छ येतात आणि पाटणादेवीच्या डोंगरावरचं आभाळ एफ-१६ वर काढलं की सगळं उघडं पडतं.

आता हे ठिपके फोटोतून काढले तर ती लबाडी ठरते का? वर्ल्ड प्रेस फोटो ही बातमीच्या छायाचित्रांची स्पर्धा फार कडक. फोटोतली वस्तू काढली किंवा घातली की बाद. २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीतले सुमारे २० टक्के फोटो असेच बाद झाले होते. पण सेन्सरवरची धूळ काढायला तिथेही परवानगी आहे. कारण ती धूळ घटनास्थळी नव्हतीच. आमच्या चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) तर टेबलावर वस्तू मांडून, उजेड पाडून अख्खी दृश्यंच रचत. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. ते टेबल-टॉप छायाचित्रण म्हणूनच ओळखलं जातं. म्हणजे हात लावला की नाही, एवढ्यावर प्रश्न सुटत नाही.

मला प्रश्न पडला तो धुळ्याच्या एका लग्नाचा अल्बम बघताना. नवरीच्या आजीच्या कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण गायब होतं. कुणी मुद्दाम काढलं नव्हतं. डाग पुसणाऱ्या सॉफ्टवेअरला त्वचेवर काळा ठिपका दिसला, त्याने तो बुजवला. धुळीचा कण आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वी सुईने टोचून घेतलेली खूण त्याच्या लेखी एकच. आणि त्याच झटक्यात सगळं वऱ्हाड एकाच गुलाबीसर गोऱ्या रंगाचं झालं होतं. मामा, काका, शेतात राबून रापलेली भावकी, सगळे.

इथे ती भिंतीची कसोटी लावून बघा. गोंदण आजीबरोबर फिरतं. ती मांडवात असली की दिसतं, नसली की नाही. म्हणजे ते जगातलं. तो गुलाबी रंग मात्र प्रत्येक पानावर, प्रत्येक चेहऱ्यावर, अल्बम कुठलाही उघडा, तसाच. न हलणारा डाग तो आहे.

यावर फोटोग्राफर म्हणतात, गिऱ्हाईकालाच हवं असतं. खोटं नाही ते. नवरीला ऐन हळदीला आलेली पुटकुळी नको असेल तर जरूर काढावी, चार दिवसांत ती तशीही जाणारच होती. रंग उजळ हवा म्हणाली, तरी चेहरा तिचा आहे. माझं मन नाराज होईल, पण निर्णय तिचा. फोनमधलं ब्यूटी मोड चालू करायचं की नाही, हेही ज्याचं त्याने ठरवावं. (पुष्कळ फोनमध्ये ते आधीपासूनच चालू असतं, ही गंमत निराळी.) आजीला मात्र कुणी विचारलेलंच नव्हतं. तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे मी गृहीत धरत नाही. कदाचित म्हणाली असती, काढा बापा ते जुनाट. तसं असेल तर तेही तिच्या तोंडून यायला हवं होतं.

मूळ फाइल अजून त्या स्टुडिओच्या हार्ड डिस्कवर असेल, गोंदणासकट. पुढच्या सीझनला जागा करायला ती उडवायच्या आत कुणीतरी जाऊन मागून आणायला हवी.